पात्रात चिखल्याची अंडी दिसली, आता काय करावं?

गिरणाकाठच्या एका भावांनी विचारलेलं आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं उत्तर त्याला धरून वाचता येईल. पाणी ओसरल्यावर त्यांनी पात्रात टरबुजाची वाडी लावली आहे. वाडीच्या कडेला गोटे आणि खडी आहे. तिथून जाताना एक बारकासा पक्षी पंख मोडल्यासारखा फरफटत पुढे पळाला. डोळ्याभोवती पिवळी कडी, गळ्यात काळा पट्टा. मागे वळून पाहिलं तर चार अंडी उघड्यावर, खाली ना काडी ना गवत. त्या बाजूने ट्रॅक्टर जातो, गुरं जातात, कुत्री हिंडतात आणि वरून धरणाचं आवर्तन सुटायची वेळ जवळ आली आहे. त्यांचे प्रश्न असे: पक्षी जखमी आहे का? अंडी उचलून सुरक्षित जागी ठेवू का? काट्यांचं कुंपण करू का? आणि मागच्या वर्षी पोरांनी असंच एक पिल्लू घरी आणलं होतं, ते रात्रीतच मेलं, ते कशाने?

घाईचं उत्तर आधी देतो. पक्षी धडधाकट आहे. अंड्यांना हात लावू नका. कुंपण करू नका. आणि सकाळी दहापासून ऊन उतरेपर्यंत त्या जागेजवळ कुणाला थांबू देऊ नका. आजच्या दिवशी एवढं पुरे. बाकीचं सावकाश वाचा. मी बरीच वर्षं गोदावरी आणि गिरणेच्या पात्रात पाणपक्षी पाहतोय, जानेवारीतल्या पाणपक्षी गणनेला जातोय, आणि हा प्रश्न दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी विचारतंच. दर वेळी परिस्थिती वेगळी असते, म्हणून नुसतं ‘हे करा, ते करू नका’ सांगण्यापेक्षा त्यामागचं कारण सांगितलेलं बरं. कारण कळलं की उद्या काही वेगळंच घडलं तरी तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

तुमच्या वर्णनावरून हा कंठेरी चिखल्या आहे. लांबी जेमतेम पंधरा-सोळा सेंटिमीटर, वजन तीस-चाळीस ग्रॅमच्या आसपास. पाठ मातकट, पोट पांढरं, कपाळावर काळी पट्टी आणि तिच्या मागे पांढरी बारीक रेघ. पिवळी कडी ही त्याची पक्की खूण. विणीच्या दिवसांत ती इतकी ठसठशीत होते की दुर्बिणीशिवायही जवळून दिसते. पाय फिकट, पिवळट-गुलाबी. उडताना पंखावर पांढरी पट्टी दिसत नाही आणि उडता उडता ‘पियू’ असा उतरता आवाज काढतो.

तरी एकदा खात्री करून घ्या, कारण पात्रात जमिनीवर अंडी घालणारे आणखीही आहेत. केंटिश चिखल्याचा गळपट्टा पुढून तुटलेला असतो आणि पाय काळपट असतात. टिटवी तुम्ही ओळखताच, तिची अंडी बरीच मोठी, आणि ती लपाछपी करण्याऐवजी डोक्यावर घिरट्या घालून गाव गोळा करते. नदी सुरय थेट डोक्यावर झेप घेतो. छोटे आर्ली वाळूच्या पट्ट्यावर वसाहत करून राहतात, एका ठिकाणी अनेक घरटी सापडतात. कंठेरी चिखल्याची जोडी मात्र आपापली हद्द धरून एकटी राहते. एकटं घरटं, तीनेक सेंटिमीटरची अंडी, जवळपास ओलसर कड: म्हणजे तोच.

अजून एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. हिवाळ्यात नाथसागर, नांदूर मध्यमेश्वर, उजनी इथे जे कंठेरी चिखल्ये दिसतात त्यांत पाहुणेही असतात. ते युरोप आणि उत्तर आशियातून येतात आणि उन्हाळा तापायच्या आत परत जातात. आपल्याकडे बारा महिने राहणारी उपजात वेगळी. ती अंगाने किंचित लहान, डोळ्याची कडी जास्त रुंद, आणि एकोणिसाव्या शतकात भारतीय पक्ष्यांवर काम केलेल्या जर्डन या डॉक्टरच्या नावाने ती ओळखली जाते. तेव्हा एप्रिल-मेमध्ये अंडी राखणारा पक्षी दिसला तर तो इथलाच रहिवासी समजा. ‘थंडीत शेकड्यांनी दिसतात की, एका घरट्याने काय फरक पडतो’ असं कुणी म्हणालं तर त्याला हे सांगा. थंडीत दिसलेल्यांतले बरेच इथे वीण करतच नाहीत.

जगाचा विचार केला तर हा पक्षी धोक्यात नाही, त्याची गणना चिंता नसलेल्या प्रजातींत होते. म्हणून मी तुम्हाला घाबरवणार नाही. पण तुमच्या गावच्या पात्रात वीण करणाऱ्या जोड्या बोटांवर मोजण्याइतक्याच असणार, आणि त्यांचं काय होतं ते पात्रात काम करणाऱ्यांच्या हातात आहे.

आता मूळ मुद्दा. तुम्ही विचारताय की राखण कशी करू. पण या पक्ष्याची सगळी राखण एकाच गोष्टीवर उभी आहे: दिसायचं नाही. त्याला झाड नको, झुडूप नको, उंच गवतही नको. उलट चारी बाजूंनी मोकळी नजर जाईल अशी उघडी जागा तो निवडतो, म्हणजे शत्रू लांबूनच कळावा. घरटं करायची त्याची रीत पाहण्यासारखी आहे. नर आधी हद्दीवर पंख संथ मारत, अंग या कुशीवरून त्या कुशीवर टाकत, ओरडत उडतो. मग खाली येऊन छाती जमिनीला टेकवतो आणि पायांनी मागे वाळू उडवत उथळ खळगा करतो. असे दोन-चार खळगे तो वेगवेगळ्या जागी करतो. मादी येऊन त्यातला एक पसंत करते. मग दोघं येता-जाता चोचीने बारीक खडे, शिंपल्याचे तुकडे, वाळक्या काड्यांचे तुकडे खळग्याकडे टाकत राहतात. तुम्हाला ‘घरटं काहीच नाही’ वाटलं ते बरोबरच आहे. दिसलं असतं तर ते फसलेलं घरटं ठरलं असतं.

अंडी बदामी-मातकट, त्यावर काळपट बारीक ठिपके आणि रेघोट्या. चारही अंड्यांची निमुळती टोकं आत, जाड बाजू बाहेर. तशी रचली की ती कमीत कमी जागेत मावतात आणि एवढ्याशा पोटाखाली चारही झाकली जातात. चार अंड्यांचं मिळून वजन मादीच्या वजनाच्या अर्ध्याहून जास्त भरतं. अंगाच्या मानाने ही फार मोठी गुंतवणूक आहे, म्हणून अंडी गेली की तिला परत घालायला ताकद आणि खाणं दोन्ही लागतं. अंडी पूर्ण झाल्यावरच नर-मादी आळीपाळीने बसू लागतात, त्यामुळे पिल्लंही साधारण एकाच वेळी फुटतात. पिल्लू बाहेर आलं की आई-बाप कवचाचे तुकडे चोचीत धरून लांब नेऊन टाकतात. बाहेरून कवच वाळूसारखं असलं तरी आतली बाजू पांढरी असते आणि ती उन्हात चमकते.

पक्षी एवढी काळजी घेतो, आणि आपण काय करतो? भोवती दगडांचं वर्तुळ मांडतो, काठीला लाल फडकं बांधतो, बाभळीच्या फांद्या रोवतो. सपाट पात्रात अशी एक काठी उभी राहिली की पहिला तिच्यावर बसतो तो कावळा. त्याला अंडी शोधायची गरजच राहत नाही, आपणच बसायला खुर्ची दिलेली असते. शिवाय येणारा-जाणारा माणूस ‘इथे काय आहे’ म्हणून पाहायला जातो. मी कुंपणाच्या विरोधात आहे ते एवढ्यासाठीच. जिथे रोज शंभर माणसं फिरतात अशा जागी वनखात्याने माणूस ठेवून केलेली व्यवस्था वेगळी. वाडीच्या कडेला तसं काही करायचं कारण नाही.

खूण ठेवायचीच असेल तर डोक्यात ठेवा. दोन पक्क्या गोष्टी धरा, म्हणजे समजा पलीकडचा निंब आणि अलीकडची पाण्याची मोटार, आणि त्या रेषेवर घरटं कुठे येतं ते ध्यानात घ्या. घरच्यांना आणि वाडीवरच्या मजुरांना लांबून हात करून दाखवा. जवळ नेऊन दाखवू नका. घरट्यापर्यंत जाऊन तिथूनच मागे फिरलात तर पायवाट तयार होते, आणि कुत्री, मुंगूस अशा वाटेवर नाक लावून चालतात. चुकून जवळ गेलातच तर न थांबता सरळ पुढे निघून जा.

पंख मोडल्याचं सोंग आता नीट समजेल. तुम्ही जवळ आलात की बसलेला पक्षी आधी काय करतो पाहा. तो गुपचूप उठतो, मान खाली घालून दहा-पंधरा पावलं पळतो, आणि मग तिथून उडतो किंवा ओरडतो. म्हणजे तुम्हाला तो दिसतो तिथे घरटं नसतंच. तरीही तुम्ही पुढे आलात तर तो तुमच्यासमोर येऊन शेपटी पसरतो, एक पंख जमिनीवर टाकतो, कुशीवर कलंडतो, चिरक्या आवाजात ओरडतो. तुम्ही त्याच्या मागे दोन पावलं टाकली की तो तेवढाच पुढे सरकतो. कुत्र्याला सोपी शिकार दिसते, ते मागे लागतं, आणि पुरेसं लांब गेल्यावर ‘जखमी’ पक्षी झर्रकन उडून जातो. पिल्लं फुटायच्या सुमाराला हे सोंग सगळ्यात जोरात चालतं. त्यामुळे तुमच्याकडे पक्षी फार आकांत करत असेल तर पिल्लं फुटायच्या बेतात आहेत किंवा नुकतीच फुटली आहेत असं समजायला हरकत नाही.

अशा वेळी माणसाने काय करावं? तो नेतो तिकडे जावं. खरंच सांगतो, त्याच्या मागे पन्नास पावलं चाला, तो तुम्हाला अंड्यांपासून दूरच नेतोय. फक्त पाय कुठे पडतोय ते पाहा. आणि सोंग पाहायला मजा येते म्हणून पोरांना रोज तिकडे नेऊ नका. तेवढा वेळ अंडी उघडी असतात.

अंडी उघडी राहण्याचं मी इतकं का सांगतोय? खानदेशातलं ऊन तुम्हाला मी काय सांगणार. जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या वर जातो तो सावलीतला. उघड्या खडीचा पृष्ठभाग त्याहून किती तापतो ते अनवाणी चाललेल्याला विचारा. अंड्यातला जीव ४० अंशांच्या फार वर टिकत नाही. म्हणजे एप्रिल-मेच्या दुपारी चिखल्या अंडी उबवायला बसत नाही, थंड ठेवायला उभा राहतो. नीट पाहिलंत तर तो अंड्यांवर टेकलेला नसतो. पाय ताठ, पंख जरा सैल सोडलेले, चोच उघडी ठेवून धापा टाकतोय, आणि त्याची सावली अंड्यांवर. जोडीतला दुसरा येऊन जागा घेतो तो बदलही क्षणात उरकतात. टिटवी तर पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणते आणि अंड्यांवर ओल धरते.

आता विचार करा, दुपारी एक वाजता कुणी मोबाइल घेऊन अंड्यांचा फोटो काढायला पंधरा मिनिटं तिथे उभा राहिला. त्याने अंड्यांना हात लावला नाही, पक्ष्याला दगड मारला नाही. पण पक्षी तेवढा वेळ परत आला नाही आणि अंडी भाजली. बाहेरून काहीही दिसत नाही. पक्षी पुढे कित्येक दिवस त्या मेलेल्या अंड्यांवर बसून राहतो. कुत्र्याने खाल्लेली अंडी सगळ्यांना दिसतात, ही कुणाला दिसत नाहीत. माझ्या मते आपल्याकडे चांगल्या हेतूने आलेल्या माणसांकडून होणारं सगळ्यात मोठं नुकसान हेच.

म्हणून वाडीचं काम. ते थांबवा असं मी म्हणणार नाही, टरबूज तुमच्यासाठी थांबणार नाही. घरट्याजवळच्या ओळींचं पाणी, खुरपणी, तोडणी सकाळी उन्हं चढायच्या आत किंवा संध्याकाळी ऊन उतरल्यावर करा, आणि त्या टोकाला एका दमात बसून राहू नका. थोडं काम झालं की दुसऱ्या टोकाला जा, पक्ष्याला येऊ द्या, मग परत या. जेवायला, सावलीला, गप्पांना वाडीचं दुसरं टोक धरा. ट्रॅक्टरची तुम्हाला जास्त काळजी वाटते, पण ठरलेल्या चाकोरीवरून न थांबता जाणाऱ्या वाहनाची या पक्ष्याला लवकर सवय होते. चाकोरी घरट्यावरून जात नसेल तर ट्रॅक्टरपेक्षा ट्रॅक्टर थांबवून उतरलेला माणूस त्याला जास्त घाबरवतो. चाकोरी बदलू नये एवढंच चालकाला सांगून ठेवा.

इथवरचं एकत्र सांगायचं तर: जागा उघड करू नका, दुपारी जवळ थांबू नका, चाकोरी मोडू नका. आता ज्या गोष्टी तुमच्या हातात पूर्णपणे नाहीत त्यांच्याकडे वळू.

कुत्री आणि कावळे. फुटलेली, किडकी टरबुजं वाडीच्या कडेला फेकायची सगळ्यांनाच सवय असते. त्या ढिगावर सकाळी कावळे जमतात, रात्री कोल्हे-कुत्री येतात. ढीग घरट्यापासून वीस पावलांवर असेल तर अंडी वाचायची आशा सोडा. तो ढीग वाडीच्या दुसऱ्या टोकाला न्या, नाहीतर खड्डा करून त्यात पुरा. मासे साफ करून टाकलेली घाणही तशीच. दगडाने कावळे हाकलत बसण्यापेक्षा हे शंभर पटीने उपयोगी आहे, आणि एवढं एक काम तुम्ही आज संध्याकाळीच करू शकता.

गुरं. कळप पाण्यावर जायची वेळ आणि वाट ठरलेली असते. गुराख्याला विश्वासात घ्या, वाट तीस-चाळीस पावलं बाजूने घ्यायला सांगा. माझा अनुभव असा की गुराखी हे काम आपल्यापेक्षा चोख करतात. त्यांना ती घरटी बहुधा आधीच माहीत असतात.

पाणी. इथे मात्र परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे. गिरणा धरणातून उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी नदीपात्रात आवर्तन सोडतात. घरटं धारेपासून किती उंच आहे ते लांबून पाहा. मागच्या आवर्तनाची ओल, काडी-कचऱ्याची रेघ गोट्यांवर राहिलेली असते. घरटं त्या रेघेच्या वर असेल तर निर्धास्त राहा. खाली असेल तर ते जाणार, आणि ते जाऊ द्यावं असं माझं मत आहे. हे ऐकायला कठोर वाटेल. पण नदीत घरटं करणाऱ्या पक्ष्याच्या हिशेबात पाण्याने नेलेली अंडी धरलेलीच असतात. हंगाम शिल्लक असेल तर जोडी वरच्या बाजूला पुन्हा खळगा करते आणि पुन्हा अंडी घालते. आपण अंडी टोपलीत भरून वीस पावलांवर नेली तर पक्षी ती आपली म्हणून ओळखेलच असं नाही. त्याला जागा ठाऊक असते. परदेशात काही ठिकाणी अशा पक्ष्यांची घरटी थोडी थोडी सरकवली आहेत किंवा उंच केली आहेत, पण ते परवानगी घेऊन, जाणत्यांनी, प्रत्येक पायरीला पक्षी परत बसला की नाही हे तपासत केलेलं काम आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच रानपक्ष्यांची अंडी उचलणं, फोडणं, घरट्याला धक्का लावणं येतं. हेतू चांगला होता हे नंतर पटवत बसावं लागेल. काही खरंच अडलं, म्हणजे कुणी अंडी गोळा करताना दिसलं किंवा वाळूची यंत्रं थेट त्या पट्ट्यात शिरली, तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा आणि पात्राचा नेमका भाग सांगा.

वाळूचा विषय निघालाच आहे म्हणून थोडं विषयांतर. या पक्ष्याला माणसाने उकरलेल्या जमिनीचं वावडं नाही. इंग्लंडमध्ये तो पूर्वी वीण करत नसे. १९३८ साली हर्टफर्डशरमधल्या ट्रिंगच्या जलाशयावर त्याचं पहिलं घरटं नोंदलं गेलं आणि पुढे खडी उपसून सोडलेल्या खाणींच्या आधाराने तो तिथल्या बऱ्याच भागात पसरला. आपल्याकडेही उपसा होऊन पडीक राहिलेल्या खडीवर, धरणाच्या गाळपेर जमिनीच्या कडेला तो अंडी घालतो. सोडून दिलेली खडी त्याला चालते. रोज रात्री डंपर फिरणारी चालत नाही. आणि वाळूचा थर पार खरवडून खडक उघडा पडला की खळगाही करता येत नाही आणि खायलाही काही उरत नाही.

खाण्याचं बोललो तर ओली कड का महत्त्वाची ते कळेल. चिखल्या चिखलात चोच खुपसून शोधत नाही, डोळ्यांनी पाहून टिपतो. चार पावलं धावतो, थबकतो, पाहतो, टिपतो, पुन्हा धावतो. डोळे अंगाच्या मानाने मोठे असतात, त्यामुळे संधिप्रकाशात आणि चांदण्यातही त्याचं चरणं चालू असतं. एखाद्या सकाळी दुर्बीण लावून त्याच्या पायाकडे पाहा. एक पाय किंचित पुढे करून तो ओल्या चिखलावर बोटं थरथरवतो, इतकी भरभर की पायाभोवतीचं पाणी शहारतं. त्या थरथरीने बारीक किडे, अळ्या हलतात, आणि हललेलं त्याच्या नजरेतून सुटत नाही. भुंगेरे, माश्या आणि त्यांच्या अळ्या, कोळी, बारीक कवचधारी जीव हे त्याचं खाणं. म्हणून वाडीवर फवारणी करताना औषध त्या ओल्या कडेला वाहून जाणार नाही एवढं पाहा. पंप तर तिथे मुळीच धुऊ नका.

आता पोरांनी आणलेल्या पिल्लाबद्दल. अंड्यांवर साधारण चोवीस-पंचवीस दिवस बसल्यावर पिल्लं फुटतात आणि अंग वाळलं की काही तासांत खळगा सोडून चालायला लागतात. कापसाच्या बोंडाएवढा जीव, त्याला काटक्यांसारखे लांब पाय. आई-बाप त्याला भरवत नाहीत. पिल्लू पहिल्या दिवसापासून स्वतः टिपून खातं. आई-बाप त्याला ओल्या कडेशी नेतात, धोक्याचा आवाज देतात, रात्री आणि सकाळच्या गारव्यात पोटाखाली घेतात आणि दुपारी सावली धरतात. धोक्याचा आवाज आला की पिल्लू जिथे असेल तिथे जमिनीशी चिकटून निश्चल पडतं. पोरांना वाटतं ते आजारी आहे, नाहीतर आईने टाकलंय. घरी आणून खोक्यात ठेवलं, भात घातला, दूध पाजलं. तुमचं पिल्लू नेमकं कशाने गेलं ते इथून सांगता येणार नाही, पण रात्रीची ऊब आणि जिवंत किडे या दोन गोष्टी खोक्यात नसतात, आणि एवढं लहान पिल्लू त्यांच्याशिवाय एक रात्रही काढू शकत नाही.

पुन्हा कुणी आणलं तर वेळ न घालवता, शक्य तितक्या लवकर, जिथून उचललं तिथेच नेऊन ठेवा. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लू टाकतात, ही समजूत चुकीची आहे. एखाद्या गोट्याच्या सावलीला ठेवा आणि शंभर पावलं मागे या. आई-बाप जवळच असतात. पिल्लाचा बारीक आवाज ऐकून ते बहुतेक वेळा थोड्या वेळातच येतात.

पिल्लं फुटल्यावरचे पुढचे साधारण चार आठवडे जास्त अवघड असतात, हे मुद्दाम सांगतो. अंडी एका जागी असतात, पिल्लं कुठेही असू शकतात. त्यांना उडता येईपर्यंत तुमची डोक्यातली खूण निरुपयोगी असते. या दिवसांत ओल्या कडेने चालणं टाळा, पाणी आणायला एकच वाट ठेवा, आणि वाडीवरचं कुत्रं बांधून ठेवा. पक्षी समोर येऊन लोळायला लागला तर पिल्लू तुमच्या पायाजवळ पडलेलं असण्याची शक्यता धरा. थांबा, खाली पाहा, आलात त्याच पावलांवर मागे फिरा.

पाहायची हौस असेल तर जरूर पाहा, मी स्वतः तेच करतो. बांधाच्या आडोशाला, साठ-सत्तर पावलांवर, सकाळच्या वेळी बसा. साधी आठ पट दिसणारी दुर्बीण पुरते. पक्षी काही मिनिटांत परत येऊन बसला तर तुमचं अंतर बरोबर आहे. तो उभाच राहून मान वर-खाली झटकत असेल, बाजूने येरझाऱ्या घालत असेल, तर आणखी मागे सरका. लांबून फोटो काढायलाही हरकत नाही, मात्र गावाचं नाव आणि ठिकाण घालून तो लगेच पसरवू नका. पिल्लं उडून गेल्यावर नोंद टाकली तरी तिची किंमत कमी होत नाही.

शेवटचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण पुढे विचाराल: पुढच्या वर्षी ही जोडी इथेच येईल का? जागा टिकली तर शक्यता चांगली आहे, कारण या पक्ष्यांना एकदा जमलेल्या ठिकाणी परत यायची सवय असते. फक्त पावसाळ्यात पूर आला की पात्राची रचना बदलते आणि आजची खडीची पट्टी पुढच्या उन्हाळ्यात तिथे असेलच असं नाही. तेव्हा पुढच्या हिवाळ्यात वाडी आखाल तेव्हा पात्रातली उंचवट्याची, गोट्यांची पट्टी कुठे पडली आहे ते आधी पाहा. टरबुजाला ती तशीही कामाची नसते. ट्रॅक्टरची चाकोरी आणि गुरांची वाट तेव्हाच तिच्या बाजूने काढली तर मार्चनंतर तुम्हाला वेगळं काही करावं लागणार नाही.